गरोदरपणी मोबाइलचा वापर आणि गर्भाच्या मेंदूची वाढ : येलच्या प्रयोगाचा अर्थ कसा लावावा?

अबोली

नमस्कार. मला सध्या पाचवा महिना सुरू आहे. नोकरी घरूनच चालते आणि कामाचे स्वरूप असे आहे, की दिवसातला बराच वेळ ग्राहकांशी फोनवर बोलण्यात जातो. संध्याकाळी दिवाणावर आडवे झाले, की तोच फोन नकळत पोटावर टेकवून काहीतरी पाहत राहायची सवयही लागली आहे. गेल्या आठवड्यात आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर एक संदेश फिरत आला. अमेरिकेतील येल विद्यापीठात गाभण उंदरांच्या पिंजऱ्यावर मोबाइल ठेवला असता त्यांची पिल्ले अतिचंचल आणि विसराळू निपजली, तेव्हा गर्भवतींनी मोबाइलला हातही लावू नये, असा त्याचा मथितार्थ होता. माझ्या सासूबाई एरवी कशाचा बाऊ करणाऱ्या नाहीत, पण त्या दिवसापासून त्यांनी माझा फोन रात्री स्वयंपाकघरातल्या फडताळात ठेवायला सुरुवात केली आहे. नणंदेने त्याच्याही पुढे जाऊन पोटावर बांधायचा, चांदीचे धागे विणलेला एक पट्टा सुचवला आहे. त्याची किंमत साडेचार हजार रुपये असून जाहिरातीत याच येलच्या प्रयोगाचा दाखला दिलेला आहे.

मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे, त्यामुळे संदेशावर न थांबता मूळ शोधनिबंध काढून वाचला. प्रयोग खोटा नाही. डॉ. ह्यू टेलर यांच्या गटाने तो केला आणि मार्च २०१२ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. मात्र उंदरापासून माणसापर्यंत येताना मधल्या किती पायऱ्या गाळल्या जात आहेत, हे माझ्या कुवतीबाहेरचे आहे. माणसांमध्ये असे अभ्यास झाले आहेत का, झाले असल्यास त्यांतून काय निघाले, कानाला लावलेल्या फोनमधून गर्भापर्यंत प्रत्यक्षात किती पोहोचते आणि त्या पट्ट्याचा काही उपयोग असतो का, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे ही विनंती. “काही होत नाही हो” आणि “जपलेले बरे” ही दोन्ही उत्तरे मला दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या मिळतात. इथे मला त्यांच्यामागची कारणे हवी आहेत.


तरंगलांबी

अबोलीताई, माझी नोकरीची सारी वर्षे दूरसंचाराच्या रेडिओ विभागात गेली, तेव्हा मी भौतिकीपुरतेच लिहितो. वैद्यकीय बाजू त्या क्षेत्रातील मंडळींनी सांभाळावी.

फोनमधून निघणाऱ्या रेडिओ लहरी आणि क्ष-किरण यांत मूलभूत फरक आहे. अणूमधला इलेक्ट्रॉन उडवून लावायला साधारण १० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास ऊर्जा लागते, आणि १ गिगाहर्ट्झच्या लहरीच्या एका कणात इलेक्ट्रॉन-व्होल्टचे जेमतेम ४ दशलक्षांश भाग एवढीच ऊर्जा असते. त्यामुळे क्ष-किरणांप्रमाणे या लहरी डीएनए थेट तोडू शकत नाहीत. त्यांचा निर्विवादपणे सिद्ध झालेला परिणाम एकच आहे आणि तो म्हणजे ऊतींचे किंचित तापणे. आज जगभर ज्या मर्यादा लागू आहेत त्या याच परिणामावर आधारलेल्या आहेत. उष्णतेखेरीज आणखी काही सूक्ष्म परिणाम होत असेल का, हा वादाचा मुद्दा आहे आणि तुमचा प्रश्न नेमका तिथलाच आहे, हे मला मान्य आहे. पण तसा परिणाम असलाच, तरी तो होण्यासाठी लहर गर्भापर्यंत पोहोचावी तर लागेल.

आता पोहोचते किती ते पाहू. जुन्या टू-जी फोनची सरासरी प्रक्षेपणशक्ती ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात जास्तीत जास्त पाव वॅट असे; फोर-जी फोनची कमाल मर्यादा साधारण ०.२ वॅट आहे. ही कमाल झाली. टॉवर जवळ असेल तर तोच टॉवर फोनला प्रक्षेपणशक्ती खाली आणायला सांगतो आणि फोन त्याच्या कमाल क्षमतेच्या अगदी छोट्या अंशावर काम करतो. फोन कानाशी असेल तेव्हा तो गर्भाशयापासून साधारण अर्धा मीटर दूर असतो. स्रोतापासून अंतर दुप्पट झाले, की तीव्रता ढोबळमानाने चौपटीने घटते. अगदी जवळच्या अंतरांना हा नियम काटेकोरपणे लागू पडत नाही, तरीही दोन सेंटिमीटर आणि अर्धा मीटर यांच्यात काही शंभर पटींचा फरक राहतोच. शिवाय मधे तुमचे स्वतःचे शरीर आहे. ९०० मेगाहर्ट्झची लहर स्नायूंसारख्या पाणीदार ऊतीत काही सेंटिमीटरच्या आतच क्षीण होते आणि आपल्याकडची साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपासची फाइव्ह-जी लहर त्याहूनही वर वर राहते. म्हणून कानाला फोन लावून तासन् तास बोलल्याने गर्भाला होणारा संपर्क नगण्य म्हणावा इतका कमी आहे.

पोटावर टेकवलेल्या फोनचे गणित मात्र वेगळे आहे, कारण तिथे अंतराचे संरक्षण नाहीसे होते. तिथेही फोन काय करतो आहे यावर बरेच अवलंबून असते. तुम्ही चित्रपट पाहत असता तेव्हा फोन मुख्यतः ऐकत असतो, बोलतो अगदी थोडे. व्हिडिओ कॉल करताना, मोठ्या फायली पाठवताना आणि विशेषतः हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉपला इंटरनेट पुरवताना तो अखंड प्रक्षेपण करतो. त्यातच घरात नेटवर्कची एकच काडी येत असेल, तर तो शक्ती वाढवून बोलतो. म्हणून कमकुवत सिग्नल, चालू हॉटस्पॉट आणि पोटावर फोन एवढे तिन्ही एकत्र येऊ देऊ नका. ब्लूटूथच्या इअरफोनची शक्ती काही मिलीवॅटच असते, त्यांची चिंता करण्याचे कारण नाही.

फोनच्या डायलपॅडवर स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश असे दाबल्यास त्याचे एसएआर मूल्य, म्हणजे दर किलो ऊतीमागे शोषल्या जाणाऱ्या शक्तीचा आकडा दिसतो. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून त्याची मर्यादा १ ग्रॅम ऊतीवरच्या सरासरीने १.६ वॅट प्रति किलो अशी आहे. युरोपात ती १० ग्रॅमवरच्या सरासरीने २ वॅट आहे, म्हणजे या बाबतीत आपला नियम अधिक कडक आहे. मात्र छापलेला आकडा फोन पूर्ण ताकदीने चालवून मोजलेला असतो, त्यामुळे ०.९ चा फोन आणि १.२ चा फोन यांच्यात निवड करताना त्यावर फार विसंबू नये.


उत्तरायण

मी कोपनहेगनमध्ये आरोग्यविषयक आकडेवारीचे विश्लेषण करतो. खाली ज्या अभ्यासांचा उल्लेख आहे त्यांपैकी एकाशीही माझा संबंध नव्हता, पण त्यांतल्या पहिल्याची सामग्री याच देशातली असल्यामुळे इथे त्याची चर्चा आजही होते.

आधी येलचा प्रयोग. संशोधकांनी गाभण उंदरांच्या पिंजऱ्यावर आवाज बंद केलेला मोबाइल चालू कॉलवर ठेवला आणि तुलनेसाठी दुसऱ्या गटाच्या पिंजऱ्यावर बंद फोन ठेवला. गर्भावस्थेच्या पहिल्या दिवसापासून सतराव्या दिवसापर्यंत हे चालले. उंदराचा गर्भकाळच सुमारे १९ दिवसांचा असतो, म्हणजे जवळजवळ संपूर्ण काळ. पिल्ले मोठी झाल्यावर तपासली, तेव्हा ती जास्त धावपळ करणारी आणि ओळखीची वस्तू लक्षात ठेवण्यात कमी पडणारी निघाली. मेंदूच्या पुढच्या भागातील पेशींमध्ये संदेशवहनाचा वेगही घटलेला आढळला आणि संपर्काचे तास जितके जास्त तितकी ही घट जास्त होती. ही शेवटची नोंद गंभीरपणे घेण्याजोगी आहे. तुमच्या संदेशात जी गोष्ट नक्कीच नसेल ती अशी, की ही पिल्ले तुलनेच्या गटापेक्षा कमी भित्री होती. अशी बाजू फॉरवर्डमध्ये सोयीस्करपणे गळते.

तरंगलांबी यांनी अंतराबद्दल जे लिहिले, त्यातच या प्रयोगाची मर्यादा दडलेली आहे. उंदीर फोनपासून काही सेंटिमीटरवर होते आणि उंदराचे अख्खे शरीरच काही सेंटिमीटरचे असते, त्यामुळे आई आणि गर्भ दोघेही सरळ त्या क्षेत्रात बुडालेले होते. गर्भात प्रत्यक्ष किती ऊर्जा शोषली गेली याच्या मोजमापाऐवजी फोनच्या ठरावीक एसएआर आकड्यावर भिस्त होती. माणसाच्या मापात हे बसवायचे, तर गर्भवतीने नऊ महिने अहोरात्र चालू कॉलचा फोन गर्भाच्या लगत ठेवावा लागेल. आणखी एक मुद्दा मेंदूच्या वेळापत्रकाचा आहे. उंदराचे पिल्लू जन्मते तेव्हा त्याच्या मेंदूची वाढ माणसाच्या गर्भाच्या साधारण मधल्या टप्प्याशी जुळणारी असते. शेवटच्या तिमाहीत आपल्या बाळांच्या मेंदूत जे घडते, ते उंदराच्या बाबतीत जन्मानंतर घडते. म्हणून ‘संपूर्ण गर्भावस्था’ या शब्दांचा अर्थ दोघांसाठी एकच नाही.

आता माणसांकडे येऊ. २००८ साली डॅनिश राष्ट्रीय जन्म-समूहातील (म्हणजे गरोदरपणापासून पाठपुरावा केलेल्या आई-मुलांच्या मोठ्या गटातील) १३,१५९ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुले सात वर्षांची झाल्यावर आयांना गरोदरपणातील मोबाइलच्या वापराबद्दल आणि मुलांच्या वर्तनाबद्दल विचारले गेले. ज्या मुलांचा गर्भात आणि जन्मानंतरही फोनशी संपर्क आला होता, त्यांच्यात वर्तनाच्या अडचणींचे शक्यता-गुणोत्तर १.८० आले (हे गुणोत्तर १ असेल तर दोन गटांत फरक नाही, जितके वर तितकी अडचण अधिक). वर्तमानपत्रांनी त्याचे ‘८० टक्के जास्त धोका’ केले आणि ती बातमी जगभर गेली. पुढे त्याच गटाने २८,७४५ मुलांवर, अधिक घटक विचारात घेऊन हेच तपासले, तेव्हा गुणोत्तर १.५ वर उतरले. पण नाहीसे झाले नाही. याच डॅनिश समूहात सहाव्या आणि अठराव्या महिन्यातले विकासाचे टप्पे, म्हणजे मान धरणे, बसणे, बोलू लागणे वगैरे, तपासले असता मोबाइलशी संबंध आढळला नाही. स्पेनमधील चौदा महिन्यांच्या मुलांच्या छोट्या अभ्यासातही फारसे काही निघाले नाही आणि अ‍ॅमस्टरडॅममधील २,६१८ पाच वर्षांच्या मुलांतही वर्तनाशी संबंध दिसला नाही.

या सगळ्यांपेक्षा वजनदार अभ्यास २०१७ सालचा आहे. डेन्मार्क, कोरिया, नेदरलँड्स, नॉर्वे आणि स्पेन या पाच देशांतील ८३,८८४ माता-बालकांच्या जोड्या त्यात एकत्र केल्या होत्या. ज्या आयांनी फोन सर्वाधिक वापरला, त्यांच्या मुलांमध्ये अतिचंचलता आणि अवधानाच्या अडचणींचे गुणोत्तर कमी वापराच्या तुलनेत १.२८ होते, मध्यम वापरासाठी १.११. दोन देशांत माहिती गरोदरपणातच गोळा केलेली होती आणि उरलेल्या तिघांत मागाहून आठवून सांगितलेली होती, तरी निष्कर्ष साधारण सारखाच आला. त्यामुळे ‘आयांना नीट आठवले नसेल’ एवढे म्हणून तो झटकता येत नाही. १.२८ म्हणजे किती, हेही पाहावे. समजा शंभरांतील पाच मुलांना ही अडचण एरवीही असती, तर ती संख्या सहाच्या थोडी वर जाते.

हा संबंध लहरींमुळे आहे का, हा खरा प्रश्न आहे आणि त्याला या अभ्यासांत उत्तर नाही. लेखकांनी स्वतःच तसे लिहिले आहे. नव्वदीच्या अखेरीस डेन्मार्कमध्ये गरोदरपणी भरपूर मोबाइल वापरणाऱ्या स्त्रिया आणि अजिबात न वापरणाऱ्या स्त्रिया यांच्यात इतर अनेक फरक होते. पहिल्या गटात धूम्रपान जास्त होते, सामाजिक-आर्थिक स्तर वेगळा होता. आईचा स्वतःचा स्वभाव चंचल असेल तर ती फोनही जास्त वापरील आणि तो स्वभाव मुलातही उतरेल. आकडेमोडीत या गोष्टींचा हिशोब धरला जातो, पण ज्यांची नोंदच झालेली नाही त्यांचा धरता येत नाही. शिवाय सर्वत्र विचारले गेले ते ‘दिवसातून किती कॉल’. आणि कानाजवळच्या कॉलचा गर्भाशी किती संबंध आहे ते वर आलेच आहे.

त्याच वर्षी नॉर्वेतून आलेला एक अभ्यास मला या सबंध विषयात सर्वांत बोलका वाटतो. ४५,३८९ जोड्यांच्या त्या अभ्यासात गरोदरपणी मोबाइल वापरणाऱ्या आयांच्या तीन वर्षांच्या मुलांमध्ये वाक्यरचना साधी राहण्याचा धोका न वापरणाऱ्यांच्या मुलांपेक्षा २७ टक्क्यांनी कमी आढळला. म्हणजे मोबाइलने बाळाची भाषा सुधारते काय? असे कोणीही म्हणत नाही. बोलक्या, माणसांत मिसळणाऱ्या आया फोनही जास्त वापरतात आणि मुलांशीही जास्त बोलतात, हे स्पष्टीकरण सर्वांना लगेच पटते. मग चंचलतेचा आकडा समोर आला, की हीच शंका घेण्याचे आपण का विसरतो?


चिकित्सक

उत्तरायण यांचे विवेचन वाचनीय असले तरी त्याचा कल मला एका बाजूला झुकलेला वाटतो. तंबाखूच्या बाबतीतही कित्येक वर्षे ‘संबंध दिसतो, पण कारण सिद्ध नाही’ असेच सांगितले जात होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा २-बी गटात टाकले आहे. तुर्कस्तानातील संशोधकांनी २००८ साली गर्भावस्थेत ९०० मेगाहर्ट्झच्या संपर्कात ठेवलेल्या उंदरांच्या पिल्लांमध्ये स्मृतीशी निगडित अशा मेंदूच्या भागातील पेशी कमी झाल्याचे दाखवले होते, म्हणजे येलचा प्रयोग एकटा नाही. फ्रान्समध्ये तर २०२० पासून फोनसोबत द्यायच्या माहितीत, उपकरण गर्भवतीच्या पोटापासून दूर ठेवावे, अशी सूचना असणे बंधनकारक आहे. तिथल्या सरकारला हे सुचते आणि आपल्याकडे मात्र प्रश्न विचारणारी व्यक्ती भित्री ठरते, हे पटत नाही. जे अभ्यास ‘काही नाही’ म्हणतात, त्यांना पैसा कोण पुरवतो हेही कोणी सांगावे.


उत्तरायण

चिकित्सक, पैशाचा प्रश्न रास्त आहे म्हणून आधी तोच घेतो. नॉर्वेचा जन्म-समूह सरकारी निधीवर चालतो आणि पाच देशांचा अभ्यास युरोपीय संघाच्या निधीतून चाललेल्या प्रकल्पाचा भाग होता. त्यातल्या एकाने धोक्याचा आकडा दिला आणि दुसऱ्याने उलट दिशेचा, तेव्हा निधीवरून निष्कर्ष ओळखण्याची युक्ती इथे चालत नाही.

२-बी हे वर्गीकरण कर्करोगापुरते आहे आणि त्याचा आधार मुख्यतः फोन डोक्याशी धरणाऱ्या प्रौढांमधील मेंदूच्या गाठींचे अभ्यास हा होता. गर्भाच्या मेंदूबद्दल त्यात काहीही म्हटलेले नाही. तुर्कस्तानातील प्रयोग मला ठाऊक आहेत. त्यांच्या समोर २०१० सालचा जपानी प्रयोगही ठेवावा लागेल. त्यात गाभण उंदरांना, नंतर पिल्ले अंगावर पीत असतानाही, २.१४ गिगाहर्ट्झच्या लहरींत रोज २० तास ठेवले होते. लहरींची मात्रा काटेकोरपणे मोजलेली होती आणि पिल्लांवर वाईट परिणाम आढळला नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाच्या २०१८ च्या अहवालातही उंदरांना गर्भापासूनच संपर्क दिला होता, रोज एकूण ९ तास आणि संपूर्ण शरीराला कमाल ६ वॅट प्रति किलो. सामान्य नागरिकांसाठीची संपूर्ण शरीराची मर्यादा ०.०८ आहे, म्हणजे ही मात्रा तिच्या ७५ पट झाली. तिथे नवजात पिल्लांचे वजन कमी भरले, नरांच्या हृदयात गाठी आढळल्या आणि तरीही संपर्कातले नर तुलनेच्या गटापेक्षा जास्त जगले. असा निकाल सरळ वाक्यात मांडता येत नाही म्हणून त्याचा फॉरवर्डही होत नाही, किंवा अर्धाच होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला प्राण्यांवरील प्रयोगांचा पद्धतशीर आढावा २०२३ मध्ये आला. पिल्लांच्या संख्येवर परिणाम नाही, गर्भाच्या वजनात थोडी घट दिसते, पण प्रयोगांतील मात्रा माणसांच्या नेहमीच्या संपर्कापेक्षा पुष्कळच जास्त होत्या, असा त्याचा सूर आहे. फ्रान्सची सूचना मला योग्य वाटते. फोन पोटापासून दूर ठेवण्याला काही खर्च नाही, मग सांगायला काय हरकत आहे? माझा आक्षेप आहे तो ‘दूर ठेवा’ या सल्ल्याचे ‘मेंदू बिघडतो’ या विधानात रूपांतर करण्याला.


बकुळ

मी सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. अबोली, तुझ्यासारखा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी समोर येतो आणि बहुधा तो गर्भवतीपेक्षा सोबत आलेल्या सासूबाई किंवा आई विचारतात. त्यांच्या काळजीची थट्टा मी करत नाही. मात्र बाळाच्या मेंदूची काळजी हाच विषय असेल, तर मी आधी हिमोग्लोबिनचा कागद मागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील ५२.२ टक्के गर्भवती रक्तक्षयग्रस्त आढळल्या होत्या. लोह कमी, आयोडीन कमी, फॉलिक ॲसिडची गोळी उशिरा सुरू झालेली, घरात चुलीचा धूर आणि आमच्याकडच्या खेड्यांत अजूनही हिरड्यांना लावली जाणारी मशेरी, या गोष्टींचा गर्भाच्या वाढीवर होणारा परिणाम अनेकदा तपासला गेलेला आहे आणि तो पाच टक्के की सहा टक्के एवढ्या फरकासाठी गुणोत्तरे चिवडत बसावी इतका अस्पष्ट नाही. मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्याच्या अखेरीस मिटते, तेव्हा पुष्कळ जणींना दिवस गेल्याचेही कळलेले नसते. म्हणून ती गोळी आधीपासून हवी असते. मशेरी लावत असतानाच “डॉक्टर, मोबाइल वापरू ना?” असे विचारणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत.

फोन काढून घेण्याबद्दल मला अधिक आग्रहाने लिहावेसे वाटते. डोंगरातल्या एका वाडीवरच्या माझ्या रुग्णाच्या घरी असाच संदेश पोहोचला आणि सातव्या महिन्यात घरच्यांनी तिचा फोन कपाटात ठेवून दिला. पुढे तिचे डोके दुखू लागले, पायांवर सूज आली, डोळ्यांपुढे चमकल्यासारखे होऊ लागले. ही लक्षणे तिला आम्ही सांगून ठेवलेली होती आणि ती दिसताच फोन करायचा हेही तिला पाठ होते. पण घरातली माणसे शेतावर गेलेली आणि फोन कुलपात. ती आमच्यापर्यंत पोहोचली तेव्हा रक्तदाब बराच चढलेला होता. बाळ आणि बाळंतीण सुखरूप घरी गेली, परंतु ते वेळेवर घडलेल्या उपचारांपेक्षा नशिबाचेच श्रेय अधिक. १०८ किंवा १०२ लावायला, आशाताईंना बोलवायला फोन हाताशी असलाच पाहिजे. रात्रीही तो शेजारच्या खोलीत नको, उठून हात पोहोचेल अशा मेजावर असावा.

एका बाबतीत मात्र मी तुझ्या सासूबाईंच्या बाजूने आहे. अंथरुणात फोन पाहत जागरण होते आणि गरोदरपणी झोप आधीच मोडलेली असते. त्या कारणासाठी रात्री पडद्यापासून दूर राहणे चांगले; त्याला लहरींचा दाखला द्यायची गरज नाही.


अबोली

सर्वांचे मनापासून आभार. नॉर्वेचा अभ्यास मी सासूबाईंना वाचून दाखवला आणि त्यांनी ताबडतोब “मग तू बोल की भरपूर, पण पोटावर ठेवून नको,” असा निवाडा दिला, जो मला या चर्चेच्या अगदी जवळचा वाटतो. बकुळताईंचे लिहिणे वाचल्यावर फोन फडताळातून निघून पलंगापासून हातभर अंतरावरच्या टेबलावर आला आहे. दोन शंका उरल्या आहेत. आमचा वायफाय राउटर पलंगाच्या उशाकडच्या भिंतीवरच बसवलेला आहे, तो हलवावा का? आणि नणंद पट्ट्याबद्दल पुन्हा विचारते आहे; तिने चित्रफीत पाठवली आहे, ज्यात पट्ट्यात गुंडाळलेल्या फोनला रिंग जात नाही.


तरंगलांबी

राउटरची प्रक्षेपणशक्ती साधारण ०.१ वॅटपर्यंत असते आणि तो सतत नव्हे, तर तुकड्या तुकड्यांनी बोलतो. दीड-दोन मीटरवरून त्याचा प्रभाव हातातल्या फोनपेक्षा पुष्कळ कमी असतो. उशालाच अगदी डोक्याशी असेल, तर लांब वायर घेऊन समोरच्या भिंतीवर न्यावा. त्याने सिग्नलही घरभर चांगला पसरेल.

चित्रफितीत फोन पट्ट्याने सर्व बाजूंनी गुंडाळला आहे, पण तुम्ही पट्टा बांधणार तो पोटाच्या पुढच्या बाजूला, आणि फोन असणार कधी कानाशी तर कधी हातात. धातूचे धागे समोरून येणारी लहर काही प्रमाणात परतवतात हे खरे असले, तरी कडांवरून आणि मागून ती येतच राहते. शिवाय फोन पट्ट्याला चिकटून असला आणि त्याला टॉवर नीट ऐकू येईनासा झाला, की तो स्वतःची शक्ती वाढवतो. अशा कवचांमुळे उत्सर्जन उलट वाढू शकते, असा इशारा अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ग्राहकांना दिलेला आहे. आपल्याकडे ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या तत्कालीन अध्यक्षांनी शेणापासून बनवलेली चिप लहरी कमी करते असे जाहीर केले होते आणि शेकडो शास्त्रज्ञांनी त्यांच्याकडे प्रयोगाचे पुरावे मागितले होते. नणंदेलाही तेवढेच विचारा: पट्टा बांधलेल्या स्थितीत, फोन नेहमीच्या जागी असताना, पोटाच्या आतल्या बाजूला किती लहर पोहोचते याचे मोजमाप कोणत्या प्रयोगशाळेने केले आहे? विक्रेत्याकडे तो अहवाल असेल तर इथे टाका, मी वाचून सांगेन. तोवर ते साडेचार हजार रुपये तुमच्याकडेच राहू द्या.